विरूपित नादाची निवड : जवारी, कर्णा आणि संगणकीय ध्वनिनिर्मिती

बीजशब्द : विरूपण, जवारी, सहाय्यक नाद, कर्णा, बेंजो, ध्वनिमिश्रण, शब्दप्रधानता

१. प्रास्ताविक

पुणे जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला, इंदापूर तालुक्यात, नीरा व भीमा यांच्या संगमावर वसलेले नरसिंहपूर हे लक्ष्मी-नृसिंहाचे क्षेत्र म्हणून प्रसिद्ध आहे. वैशाख शुद्ध चतुर्दशीला साजऱ्या होणाऱ्या नृसिंह जयंतीच्या आख्यानात खांबातून प्रकटलेल्या देवतेची गर्जना हा परमोच्च क्षण असतो. तो क्षण उभा करताना कीर्तनकार आपला स्वच्छ, गोल आवाज जाणीवपूर्वक घोगरा करतो. रौद्र रसाची निष्पत्ती निर्मळ स्वराने होत नाही, हे त्याला ध्वनिशास्त्र न शिकताही ठाऊक असते. स्वच्छ नाद बिघडविणे ही क्रिया आपल्या परंपरेत दोष म्हणूनच ओळखली गेली, असे सरसकट म्हणता येत नाही, याचा हा साधा पुरावा होय.

याच भीमेच्या काठी नादाच्या बिघाडाची दोन भिन्न कुळे एकमेकांजवळ नांदताना दिसतात. नदीच्या खालच्या अंगाला पंढरपूर-मंगळवेढे परिसरात पिकणारे भोपळे मिरजेला जातात आणि तेथे त्यांचे तानपुरे होतात. त्या तानपुऱ्याची जवारी हे पहिले कूळ. याच पट्ट्यातील जत्रा, वराती आणि मिरवणुका यांतून ऐकू येणारा कर्णा, बेंजो आणि अलीकडची ‘डॉल्बी’ हे दुसरे. आज लॅपटॉपवर गाणे रचणाऱ्या तरुणापुढे ‘डिस्टॉर्शन’ या एका शीर्षकाखाली डझनावारी साधने उभी असतात. त्यांतील कोणते घ्यावे, कोणाला कोणाशी जोडावे, हा प्रश्न तांत्रिक समजला जातो. प्रस्तुत लेखात तो सौंदर्यविचाराचा प्रश्न म्हणून मांडावयाचा आहे. विरूपण एकेका तारेचे करावयाचे की सगळ्या मेळाचे, हा निर्णय साधनाच्या निवडीपेक्षा अधिक मूलभूत असून त्यावरच मराठी गीतातील शब्दाचे भवितव्य अवलंबून आहे, हे या लेखाचे प्रतिपादन आहे.

२. विरूपणाचे स्वरूप

यंत्रात जाणारा तरंग जसाच्या तसा बाहेर न पडता त्याचा आकार बदलला, म्हणजे विरूपण झाले. आवाज नुसता मोठा वा लहान होणे हे विरूपण नव्हे. तरंगाचे शिखर यंत्राच्या मर्यादेला टेकते आणि सपाट होते, तेव्हा मूळ ध्वनीत नसलेले नवे सहाय्यक नाद जन्माला येतात. शिखर हळुवार गोलाईने दबले तर नवे नाद थोडे व सौम्य असतात. कात्रीने कापल्यासारखे तुटले तर ते पुष्कळ व तीक्ष्ण असतात. तरंगाच्या वरच्या व खालच्या बाजू सारख्याच दबल्या, तर मूळ वारंवारतेच्या तिप्पट, पाचपट, सातपट असे विषम नाद मिळतात. एक बाजू अधिक दबली, तर दुप्पट, चौपट असे सम नादही त्यांत येतात. दुप्पट वारंवारता म्हणजे वरच्या सप्तकातील तोच स्वर. त्यामुळे सम नादांनी आवाज भरदार वाटतो, तर वरच्या विषम नादांनी तो टोकदार होतो.

मराठी श्रोत्याजवळ या भेदांसाठी शब्द आहेत. आवाज ‘घोगरा’ असतो, ‘चिरका’ असतो, ‘किनरा’ असतो, ‘खरखरीत’ असतो. कर्ण्यावर जास्त भार पडला की तो ‘फाटतो’. यातील एकही शब्द दुसऱ्याच्या जागी चालत नाही. ही शब्दसंपदा विरूपणाच्या समीक्षेचे पहिले साधन ठरावी. सॉफ्टवेअरमधील ‘ट्यूब’, ‘टेप’, ‘फझ’ ही नावे मात्र विशिष्ट पाश्चात्त्य उपकरणांच्या आठवणी आहेत. १९६१ मध्ये गाजलेल्या मार्टी रॉबिन्स यांच्या एका गीतात ध्वनिमुद्रण-यंत्रातील बिघाडामुळे गिटारचा आवाज फाटला आणि तो तसाच ठेवण्यात आला. तोच परिणाम हुकमी देणारे ‘माएस्ट्रो फझ-टोन’ हे उपकरण १९६२ मध्ये बाजारात आले. बिघाडाचे वाण होण्याची ही प्रक्रिया आजच्या सॉफ्टवेअरपर्यंत अखंड चालत आली आहे. तयार साचे वापरणारा तरुण नकळत त्या दूरच्या बिघाडाचा वारसदार होतो, आणि स्वतःच्या कानात लहानपणापासून असलेल्या बिघाडाकडे त्याचे दुर्लक्ष होते.

३. तारेचे विरूपण : जवारी

तानपुऱ्याची घोडी रुंद व किंचित बाकदार असते. कंप पावणारी तार त्या बाकाला क्षणोक्षणी स्पर्श करते व सुटते. तार आणि घोडी यांच्यामध्ये सरकविलेल्या दोऱ्याने हा स्पर्श नेमका साधला जातो. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये भारतीय तंतुवाद्यांवरील निबंधात या घटनेकडे लक्ष वेधले. तार जेथे छेडली जाते तेथे ज्यांचा अचल बिंदू येतो, ते नाद सिद्धान्तानुसार निर्माण होऊ नयेत. बाकदार घोडीमुळे मात्र तेही ऐकू येतात. गायकांना परिचित असलेला ‘स्वयंभू गंधार’ म्हणजे खर्जाच्या तारेचा पाचवा सहाय्यक नाद होय. जवारी तो उजळविते.

भौतिकशास्त्राच्या भाषेत ही विरूपणाचीच क्रिया आहे. शुद्ध स्वराच्या साधनेचा जो पाया मानला जातो, तो तानपुरा स्वतः एक विरूपक यंत्र आहे, ही गोष्ट शुद्धतावादी संगीतविचाराने गंभीरपणे घेतलेली दिसत नाही. जवारी ‘खुली’ ठेवावी की ‘बंद’, हा कारागिराचा व कलावंताचा निर्णय असतो. पंडित रविशंकर यांच्या सतारीची खुली जवारी आणि उस्ताद विलायत खाँ यांच्या सतारीची तुलनेने बंद जवारी ही दोन सौंदर्यदृष्टींची चिन्हे आहेत. मिरजेच्या सतार व तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्या कारागिरीचा गाभा लाकूड व भोपळा यांच्याइतकाच या मोजून केलेल्या बिघाडातही आहे.

जवारीची दोन वैशिष्ट्ये येथे महत्त्वाची आहेत. पहिले असे की, तिचे काम काळात उलगडते. तार छेडल्यानंतर सहाय्यक नादांचा एक झोत हळूहळू सरकत जातो आणि स्वर विरत असतानाही झळाळी टिकून राहते. सॉफ्टवेअरमधील साध्या विरूपकाला अशी स्मृती नसते. त्या क्षणी तरंगाची उंची किती, एवढेच तो पाहतो. म्हणून स्वर मोठा असताना तो खरखरतो आणि लहान होताच एकाएकी गुळगुळीत होतो. दुसरे वैशिष्ट्य अधिक निर्णायक आहे. चारही तारा एकाच घोडीवर असल्या तरी प्रत्येक तारेचा घोडीशी होणारा स्पर्श वेगळा आहे, प्रत्येकीचा दोरा वेगळा आहे. विरूपण आधी होते, मिश्रण नंतर.

४. मेळाचे विरूपण : कर्णा आणि बेंजो

कर्ण्यात नेमका उलटा क्रम असतो. गायकाचा आवाज, पेटी, ढोलकी, टाळ हे सर्व आधी एकत्र मिसळते आणि मग एकाच यंत्राच्या तोंडातून बाहेर पडते. कर्ण्याच्या अरुंद गळ्यात हवेचा दाब एवढा वाढतो की हवाच सम नाद निर्माण करू लागते. त्यातच ध्वनिवर्धक आपल्या मर्यादेपलीकडे ताणला गेला, तर त्याचे विषम नाद वर चढतात. खालचे व अगदी वरचे सूर कर्ण्यातून जवळजवळ येतच नाहीत. मधला पट्टा तेवढा धारदारपणे दूरवर पोहोचतो. प्रह्लाद शिंदे यांच्यासारख्या गायकांची भक्तिगीते आणि भीमगीते महाराष्ट्राच्या दोन पिढ्यांनी कॅसेटवरून, याच कर्ण्यातून ऐकली. त्या श्रवणस्मृतीत कॅसेटच्या फितीची सौम्य संपृक्तता आणि कर्ण्याची धार ही गाण्यापासून वेगळी काढता येत नाही.

महाराष्ट्रातील ‘बेंजो’ हे वाद्यही याच कुळातले. १९१२ मध्ये जपानमधील नागोया येथे तयार झालेल्या ताइशोगोतो या वाद्याचे भारतीय रूप बुलबुलतरंग म्हणून रूढ झाले. त्याला विद्युत जोड मिळाली आणि ते गणेशोत्सवाच्या मिरवणुकीत बेंजो या नावाने मिरवू लागले. २०१६ मध्ये रवी जाधव यांनी याच नावाचा हिंदी चित्रपट केला, त्यावरून या वाद्याच्या लोकमान्यतेची कल्पना येते. बेंजोचा आवाज मुळातच ताणलेला असतो. तारांची कंपने, वर्धकाची मर्यादा आणि कर्ण्याची धार यांच्या संयोगातून त्याचे व्यक्तिमत्त्व घडते.

‘डॉल्बी’ या नावातील विसंगती येथे नोंदविण्याजोगी आहे. १९६५ मध्ये स्थापन झालेल्या डॉल्बी प्रयोगशाळांची पहिली ख्याती ध्वनिमुद्रणातील खरखर कमी करणाऱ्या यंत्रणेसाठी होती. पश्चिम महाराष्ट्रात मात्र तेच नाव छाती हादरविणाऱ्या ध्वनिभिंतींना चिकटले.

५. संयोगाचे गणित

विरूपण आधी की मिश्रण आधी, याने काय फरक पडतो हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, मध्य षड्ज २०० हर्ट्झ, मंद्र पंचम १५० हर्ट्झ आणि खर्ज १०० हर्ट्झ आहे. हे तिन्ही स्वर मिसळून एकाच विरूपकातून नेले, तर त्यांच्या स्वतंत्र सहाय्यक नादांखेरीज बेरजा-वजाबाक्यांचे नादही निर्माण होतात. षड्जाच्या दुपटीतून पंचम वजा केला की २५० मिळतात. हा शुद्ध गंधार होय. पंचमाच्या दुपटीतून षड्ज वजा केला की १०० मिळतात, म्हणजे खर्ज. षड्ज-पंचमाची जोडी विरूपणाला पुरून उरते. रॉक संगीतातील गिटारवादक जबर विरूपणात षड्ज-पंचमाचाच आघात पसंत करतात, त्याचे कारण हेच.

आता पंचम किंचित चढून १५२ झाला असे मानू. त्याच्या दुपटीतून षड्ज वजा केल्यास १०४ उरतात. खर्जाच्या १०० शी त्यांचे सेकंदाला चार ठोके पडू लागतात. दोन हर्ट्झचा बेसूर दुप्पट होऊन खाली उतरतो. हार्मोनियमच्या गंधाराबाबतही असेच घडते. शुद्ध गंधार २५० असेल, तर त्याच्या दुपटीतून षड्ज वजा करून नेमका ३०० हर्ट्झचा पंचम मिळतो. समविभागी सप्तकातील गंधार सुमारे २५२ असतो. त्यातून ३०४ मिळतात आणि पंचमाशी घर्षण सुरू होते. सारांश, एकत्रित विरूपण हे सुरेलपणाचे कठोर परीक्षक आहे. जुळलेल्या स्वरांना ते आधार देते व न जुळलेल्यांचा दोष वाढवून दाखविते. प्रत्येक स्वर स्वतंत्रपणे विरूपित करून मग मिसळला, तर हे बेरीज-वजाबाकीचे नाद निर्माण होत नाहीत. तानपुऱ्याच्या घोडीने हे तत्त्व संगणकाच्या कितीतरी आधी आत्मसात केले होते.

क्रमाचा प्रश्न गाळणीच्या बाबतीतही येतो. विरूपकाच्या आधी लावलेली गाळणी कशाचा बिघाड व्हावा हे ठरविते. नंतर लावलेली गाळणी त्या बिघाडातील काय ऐकू यावे हे ठरविते. ढोलाचा खालचा सूर आधीच वगळला नाही, तर त्याच्या प्रत्येक ठोक्याबरोबर गायकाचा आवाजही फाटतो. एका जबर विरूपकाऐवजी दोन सौम्य विरूपक एकापुढे एक ठेवले, तर पोत अधिक समंजस राहतो. मूळ स्वच्छ ध्वनी व विरूपित ध्वनी समांतर मिसळणे हा आणखी एक मार्ग. त्यात एका वाटेला एक मिलिसेकंदाचा जरी उशीर झाला आणि दोन्ही ध्वनी सारख्याच पातळीवर असले, तरी ५००, १५००, २५०० हर्ट्झ अशा ठिकाणी आवाज पोकळ होतो. म्हणून हा उशीर भरून काढावा लागतो.

संगणकीय माध्यमाचा स्वतःचा असाही एक दोष आहे. सेकंदाला ४४,१०० नमुने घेणाऱ्या प्रणालीत २२,०५० हर्ट्झच्या वरचे नाद मावत नाहीत, ते परत खाली दुमडतात. ८,००० हर्ट्झच्या झांजेच्या नादाचा पाचवा सहाय्यक नाद ४०,००० हर्ट्झचा. तो दुमडून ४,१०० हर्ट्झवर येतो आणि त्याचे कोणत्याही स्वराशी नाते नसते. जवारीत किंवा कर्ण्यात असा परका नाद उद्भवत नाही. नमुन्यांची संख्या तात्पुरती वाढविण्याची सोय बहुतेक साधनांत असते. टाळ-झांज असलेल्या रचनेत ती वापरणे अगत्याचे ठरते.

६. प्रचलित व्यवहाराची समीक्षा

उत्सवी संगीताच्या आणि जुन्या गीतांच्या नवनिर्मितीत या विवेकाचा अभाव वारंवार जाणवतो. बहुतेक तयार साचे इलेक्ट्रिक गिटार गृहीत धरून बनविलेले असतात. गिटारचा मूळ आवाज सौम्य असतो, त्याला धार देण्याची गरज असते. तोच साचा बेंजोवर लावला, तर आधीच ताणलेल्या आवाजावर दुसरा ताण चढतो आणि बेंजोचे बेंजोपणच हरवते. जुन्या भक्तिगीताचे वा भीमगीताचे मिश्र ध्वनिमुद्रण घेऊन त्यावर नवा ठेका व संपूर्ण मिश्रणावर विरूपण, ही आणखी एक रूढ पद्धत. तेथे फितीचा जुना बिघाड, संगणकाचा नवा बिघाड आणि प्रत्यक्ष मिरवणुकीतील कर्ण्याचा बिघाड असे तीन थर चढतात.

या थरांखाली प्रथम गाडला जातो तो शब्द. क, च, ट, त, स ही व्यंजने क्षणिक आणि दुबळी असतात. स्वर व ढोल यांच्या बेरीज-वजाबाकीचे नाद त्यांना सहज झाकतात. यशवंत देव यांनी ‘शब्दप्रधान गायकी’ ही संकल्पना मांडली, ती भावगीताच्या संदर्भात. परंतु अभंग, पोवाडा आणि भीमगीत यांना ती अधिक लागू आहे. वामनदादा कर्डक यांच्या गीतरचनेचे प्रयोजनच विचार पोहोचविणे हे होते. त्या परंपरेतील गीताचा केवळ ठेका उरावा आणि विचार ऐकू येऊ नये, ही हानी तांत्रिक म्हणून सोडून देता येणार नाही.

याला एक आक्षेप संभवतो. मिरवणुकीला शब्दांची गरज नसते, तिला समूहाचा उन्माद हवा असतो आणि मेळाचे विरूपणच तो देते. या आक्षेपात तथ्य आहे. मेळाच्या विरूपणात व्यक्ती विरघळते, हेच त्याचे सौंदर्य. नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’ (२०१६) या चित्रपटासाठी अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिस येथे सिंफनी वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला, आणि त्याच चित्रपटात ‘झिंगाट’सारखे वरातीच्या वळणाचे गाणेही दिले. दोन ध्वनिसंस्कृती एकाच कृतीत, आपापल्या जागी उभ्या राहू शकतात, हे त्यातून दिसते. आक्षेप कर्ण्याच्या सौंदर्याला नाही. जेथे एका माणसाचे म्हणणे ऐकवायचे आहे तेथेही कर्ण्याचाच न्याय लावण्याला आहे.

दुसरा गैरसमज मोठेपणाविषयीचा. विरूपणाने आवाजाची सरासरी पातळी वाढते आणि मोठा आवाज कानाला नेहमीच सरस वाटतो. त्यामुळे साधनांची तुलना करताना पातळी समान न केल्यास निवड मोठ्या आवाजाची होते, चांगल्या विरूपणाची नव्हे. याची दुसरी बाजू आशादायक आहे. योग्य विरूपणाने कमी पातळीवरही जोराचा भास निर्माण होतो. ध्वनिप्रदूषण नियम, २००० अन्वये निवासी क्षेत्रात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. आवेश आणि डेसिबल या भिन्न गोष्टी आहेत, एवढे जरी ध्वनिकारांना उमगले, तरी उत्सव आणि श्रवणारोग्य यांतील संघर्ष काही अंशी सौम्य होईल.

७. समारोप

वरील विवेचनावरून विरूपणाच्या निवडीसाठी चार प्रश्नांची एक कसोटी मांडता येते. मूळ ध्वनीत बिघाड आधीच किती आहे? नवे सहाय्यक नाद स्वरव्यवस्थेशी जुळतात काय? विरूपण मिश्रणापूर्वी व्हावे की नंतर? आणि त्या बिघाडातून श्रोत्याला कोणत्या जागेची आठवण होते, एकांतातील तानपुऱ्याची की गर्दीतील कर्ण्याची? साधनाचे नाव व मूल्य यांचा विचार या चार प्रश्नांनंतर यावा.

मिश्र ध्वनिमुद्रणातून आवाज व वाद्ये विलग करणारी यंत्रशिक्षणाधारित साधने गेल्या काही वर्षांत सहज उपलब्ध झाली आहेत. त्यामुळे जुन्या गीतांबाबतही विरूपण आधी आणि मिश्रण नंतर हा क्रम आता बऱ्याच अंशी शक्य झाला आहे. ‘दुसरा इलाज नव्हता’ ही सबब त्यामुळे दुबळी पडते. महाविद्यालयीन पातळीवर संगीत, भौतिकशास्त्र आणि मराठी या विभागांनी एकत्र येऊन एक छोटा उपक्रम हाती घेणे शक्य आहे. तानपुऱ्याच्या चार तारा स्वतंत्रपणे मुद्रित कराव्यात, त्या आधी मिसळून व नंतर मिसळून विरूपित कराव्यात, दोन्ही नमुने समान पातळीवर विद्यार्थ्यांना ऐकवावेत आणि त्यांचे वर्णन त्यांच्याच बोलीतील शब्दांत लिहून घ्यावे. ‘घोगरा’, ‘चिरका’, ‘फाटका’ हे शब्द अशा रीतीने मोजमापाशी जोडले गेले, तर नादाच्या बिघाडाविषयी मराठीत नेमकेपणाने बोलता येईल. आणि ज्याविषयी नेमके बोलता येते, त्याची निवडही डोळसपणे करता येते.